मधाचा गुण आणि मधाची मर्यादा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी विज्ञानाचे पहिले धडे गिरवले, त्याच शाळेने माझ्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. बेळगावात आणि खानापूरच्या खेड्यापाड्यांत शल्यचिकित्सक म्हणून उभे आयुष्य काढलेल्या माणसाने मोठ्या शस्त्रक्रियांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र विषय निवडला आहे तो मधाचा. मध सूज उतरवतो, दाह शमवतो, जखम भरून आणतो, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. ती कितपत खरी आहे आणि कोठे फसवी आहे, याचा विचार आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

या विषयाचे बीज गुरुजींनीच पेरले. प्रयोगशाळेच्या कपाटात नवसागर आणि मोरचूद यांच्या बरण्यांशेजारी मधाची एक बाटली असे. जांबोटीच्या रानातला तो गडद मध होता. इयत्ता नववीत असताना स्पिरिटच्या दिव्यावर माझा हात भाजला. गुरुजींनी हात नळाखाली धरला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. मग स्वच्छ फडक्यावर मध घेऊन तो हलकेच बांधला. आग कमी झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "गुण का आला, ते सांगता येत नाही तोवर हा नुसता योगायोग समज." त्या वाक्याचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि दोन चुकाही घडल्या. त्या दोन्ही आज सांगणार आहे.

प्रथम दाह म्हणजे काय, ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने त्याची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या आहेत आणि कोणत्या अवस्थेत शस्त्र धरावे व कोणत्या अवस्थेत धरू नये, याचा विवेक सांगितला आहे. इजा झालेल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंना गिळतात आणि मृत ऊती दूर करतात. तेव्हा दाह हा मुळात शत्रू नव्हे. तो शरीराचा पहारेकरी आहे. परंतु पहारेकरी आवरेनासा झाला की घराचीही नासधूस करतो. पांढऱ्या पेशींतून बाहेर पडणारे तीव्र क्रियाशील पदार्थ निरोगी ऊतीलाही जाळतात. मग जखम ओली राहते, खोल जाते, भरता भरत नाही. म्हणून वैद्याचे काम दुहेरी असते : दाहाचे कारण दूर करणे आणि दाहाला मर्यादेत ठेवणे.

आता मधाकडे वळू. माणसाचा आणि मधाचा संबंध अतिप्राचीन आहे. मध्य प्रदेशातील भीमबेटका आणि पचमढी येथील शैलाश्रयांत मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस हा हस्तलेख सुमारे इसवी सनपूर्व १६०० मधला. त्यात जखमेवर मध, चरबी आणि धाग्यांचा बोळा बांधण्यास सांगितले आहे. सुश्रुताने माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल असे मधाचे आठ प्रकार सांगितले. मध जखम शुद्ध करतो, सांधतो आणि भरून आणतो, असे त्याचे गुण वर्णिले. मध तापवू नये, असा स्पष्ट निषेधही केला. या निषेधाकडे आपण पुन्हा येणार आहोत, म्हणून तो लक्षात ठेवावा.

माझी पहिली चूक येथेच घडली. १९८० च्या सुमारास मी नुकताच व्यवसायात पडलो होतो. एक माउली उकळत्या चहाने भाजलेले आपले मूल घेऊन आली. हातावर मध लावलेला होता. मी सर्वांच्या देखत तिला रागावलो. हे अडाणी उपचार म्हणजे जंतूंना गूळ घालणे होय, असे काहीसे बोललो, मध धुऊन काढला आणि त्या काळी प्रचलित असलेले रुपेयुक्त मलम लावले. माउली खाली मान घालून गेली. मूल बरे झाले. आपण विज्ञानाची बाजू घेतली, याचे मला समाधान वाटले. वास्तविक मी कोणताच पुरावा पाहिलेला नव्हता. साखर जंतूंना पोसते, मध म्हणजे साखर, म्हणून मध जंतूंना पोसणार, एवढेच माझे तर्कशास्त्र होते.

ते तर्कशास्त्र १९९१ साली कोसळले. आपल्यापासून फार दूर नसलेल्या सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचा एक लेख त्या वर्षी 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी ५२ जणांना शुद्ध, प्रक्रिया न केलेला मध आणि ५२ जणांना रुपेयुक्त सिल्व्हर सल्फाडायझिन मलम लावले होते. मध लावलेल्या जखमांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या. मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमांचे प्रमाण मधाच्या गटात ८७ टक्के, तर मलमाच्या गटात १० टक्के होते. तो लेख वाचताना मला ती खाली मान घातलेली माउली आठवली.

साखर असूनही मध जंतूंना का पोसत नाही? याची कारणे आता बऱ्याच अंशी उलगडली आहेत.

पहिले कारण म्हणजे मधातील पाण्याचा दुष्काळ. पक्व मधात पाणी साधारणपणे १७ ते २० टक्के असते. उरलेला बहुतेक भाग फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या शर्करांचा असतो. या शर्करा पाणी घट्ट धरून ठेवतात. जंतूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते, ते त्यांना मिळत नाही. कैरीचा मुरंबा टिकतो, त्याच्या मागेही हेच तत्त्व आहे. शिवाय मध ऊतीतील द्रव बाहेर ओढतो. त्यामुळे सुजेतील पाणी उतरते आणि मृत ऊती सुटून येण्यास मदत होते. फडके जखमेला चिकटत नाही, हा लाभ तर पट्टी बदलताना कळवळलेल्या रुग्णालाच विचारावा.

दुसरे कारण आम्लता. मध गोड लागतो, पण तो बऱ्यापैकी आम्ल आहे. त्याचा सामू सामान्यतः ३.२ ते ४.५ च्या दरम्यान असतो. अशा आम्ल माध्यमात पुष्कळ रोगजंतूंची वाढ खुंटते.

तिसरे कारण सर्वांत मनोरंजक आहे. १९३७ साली जर्मनीत डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधातील जंतुरोधक घटकाला 'इन्हिबाइन' असे नाव दिले. हा घटक कोणता, हे कोडे पाव शतकाने सुटले. अमेरिकेतील जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दाखवून दिले की तो हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. मधमाशी आपल्या ग्रंथीतून मधुरसात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मिसळते. पक्व मधात ते निद्रिस्त असते. जखमेतील पाझराने मध पातळ झाला की ते जागे होते आणि थोडेथोडे पेरॉक्साइड निर्माण करत राहते. औषधाच्या दुकानातील पेरॉक्साइडच्या द्रावणापेक्षा ही मात्रा शेकडो पटींनी सौम्य असते. म्हणून ती जंतूंना जाचते, पण ऊतीला फारशी जाळत नाही. हे विकर उष्णतेने नष्ट होते. सुश्रुताने मध तापवू नये असे सांगितले, त्यामागे त्याची कारणमीमांसा वेगळी होती. तरीपण जखमेवर लावावयाच्या मधापुरता तो निषेध आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य होण्यासारखा आहे.

सर्वच मध सारखे नसतात. न्यूझीलंडमधील मानुका या झुडपाच्या फुलांचा मध पेरॉक्साइड काढून घेतल्यावरही जंतू मारतो, असे तेथील वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांना आढळले. त्यामागील मुख्य द्रव्य मिथाइलग्लायऑक्सल आहे, हे २००८ साली स्पष्ट झाले. २०१० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मधात मधमाशीचेच एक जंतुनाशक प्रथिन असल्याचे दाखवले. आपल्या सह्याद्रीत हिरडा, जांभूळ, गेळा यांच्या फुलोऱ्याचा मध मिळतो. आग्या माशीचा मध वेगळा, सातेरीचा वेगळा. प्रत्येकाचा रंग, स्वाद आणि रासायनिक घडण निराळी. तेव्हा एका मधावर सिद्ध झालेला गुण दुसऱ्या मधाला आपोआप चिकटवता येत नाही.

मग दाहाचे काय? जंतू कमी झाले की दाहाचे एक मोठे कारणच नाहीसे होते, हे उघड आहे. त्याखेरीज मधात वनस्पतींतून आलेली काही द्रव्ये असतात, जी दाहातील तीव्र क्रियाशील पदार्थांना निष्प्रभ करतात. परंतु कथा इतकी सरळ नाही. २००१ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले की मधाच्या संपर्कात काही पांढऱ्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये उलट अधिक सोडतात. म्हणजे मध पहारेकऱ्याला केवळ झोपवत नाही. मंदावलेल्या जखमेत तो त्याला जागाही करतो. 'मध दाहशामक आहे' हे विधान म्हणूनच अर्धे आहे. जखम कोणती आणि तिची अवस्था कोणती, हे विचारल्यावाचून ते पुरे होत नाही. सुश्रुताच्या तीन अवस्थांचे मर्मही हेच.

आता पुराव्याचा ताळेबंद मांडू. वैद्यकीय चाचण्यांचे निःपक्षपाती परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली जखमा आणि मध या विषयावरील २६ चाचण्या तपासल्या. त्यांत ३०११ रुग्णांचा समावेश होता. निष्कर्ष असा निघाला की, अंशतः खोल भाजलेल्या जखमा नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा मधाने चार ते पाच दिवस लवकर भरतात. शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांतही लाभ दिसतो. मात्र रुपेयुक्त मलमाशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा दर्जा कमी असल्याने तेथे ठाम बोलता येत नाही, असेही परीक्षकांनी नोंदवले. ज्या सोलापूरच्या लेखाने माझे डोळे उघडले, त्याच्यासारख्या अभ्यासांनाही ही चाळणी लागली, आणि ती लागलीच पाहिजे. पायाच्या नीलांच्या विकारामुळे होणाऱ्या व्रणांवर न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथे मधाने विशेष फायदा आढळला नाही.

घशाच्या दाहाविषयीचा पुरावा अधिक आश्वासक आहे. २००७ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात १०५ मुलांवर झालेल्या चाचणीत रात्री झोपण्यापूर्वी दिलेल्या मधाने खोकला कमी झाला. २०२० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र तपासून सर्दी-खोकल्याच्या लक्षणांत मध नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरतो, असे मत दिले. आजीच्या चमचाभर मधाला मिळालेली ही मोठीच पावती होय.

कर्करोगाच्या किरणोपचारात तोंड सोलपटते, त्या दाहावर मलेशियात ४० रुग्णांवर प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तीव्र दाहाचे प्रमाण मधाच्या गटात २० टक्के, तर दुसऱ्या गटात ७५ टक्के आढळले. परंतु पुढे ब्रिटनमध्ये मानुका मधाची तुलना साखरेच्या साध्या पाकाशी केली, तेव्हा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोहोंत फरक आढळला नाही. विद्यार्थी मित्रांनो, या ठिकाणी थोडे थांबा. पहिला प्रयोग वाचून टाळ्या वाजवणे सोपे असते. दुसरा प्रयोग वाचण्याइतका धीर असणे म्हणजे विज्ञान.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. मधाचा गुण जेथे दिसतो, तेथे मध दाहाच्या जागेला प्रत्यक्ष स्पर्श करत असतो : भाजलेली कातडी, उघडी जखम, घसा. पोटात गेल्यावर मात्र मधातील शर्करा इतर शर्करांप्रमाणेच पचते आणि रक्तात उतरते. मध खाऊन गुडघ्याची सूज, संधिवात किंवा आतड्याचा दाह बरा होतो, असे ठामपणे दाखवणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. प्रयोगशाळेत पेशींवर वा प्राण्यांवर जे आढळते, ते माणसात जसेच्या तसे उतरेल, असे धरून चालता येत नाही.

हे सूत्र मला ज्या प्रसंगाने कायमचे शिकवले, ती माझी दुसरी चूक. सोलापूरचा लेख वाचल्यानंतर माझा लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. मी उत्साहाने मधाची महती सांगत असे. खानापूर तालुक्यातील एका खेड्यात असेच एक व्याख्यान दिले. श्रोत्यांत एक वयस्क शेतकरी होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांना मधुमेह होता. काही महिन्यांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा तळपायाला काळी पडलेली खोल जखम होती. काटा रुतल्याचे निमित्त झाले होते. तीन आठवडे ते जखमेवर मध लावत होते आणि सूज आतून उतरावी म्हणून सकाळी दोन चमचे मध पोटातही घेत होते. मी विचारले, "मामा, इतके दिवस का थांबलात?" ते म्हणाले, "दुखत नव्हतं बघा डॉक्टर, म्हणून वाटलं बरं व्हायलंय. आणि तुम्हीच सांगितलं होतं नव्हं, मध चांगला म्हणून."

सेल्ससची चार लक्षणे आठवा. मामांच्या पायाला लाली होती, सूज होती, उष्णता होती. वेदना मात्र नव्हती, कारण मधुमेहाने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. पहारेकरी ओरडत होता, पण त्याचा आवाज घरापर्यंत पोहोचत नव्हता. पोटात जाणाऱ्या मधाने रक्तातील साखरेत भरच पडत होती. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मी मात्र त्या दिवसापासून मधाचा गुण सांगताना त्याची मर्यादा त्याच श्वासात सांगतो. माउलीला मी पुराव्याशिवाय नाकारले आणि मामांना पुराव्यापेक्षा अधिक दिले. दोन्ही चुकांचे मूळ एकच होते : गुण कोठे येतो आणि का येतो, हे विचारण्यापूर्वीच मी निकाल दिला होता.

म्हणून आपल्या घरांसाठी काही व्यावहारिक सूचना करतो.

भाजल्यावर प्रथम वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. त्यापूर्वी काहीही लावू नये. तळहाताहून मोठी जागा, चेहरा, हात, सांधा किंवा जननेंद्रिय भाजले असल्यास, फोड खोल असल्यास, किंवा मूल लहान असल्यास थेट दवाखाना गाठावा.

एक वर्षाखालील बालकाला मध चाटवू नये. मधात क्वचित एका जंतूची बीजे असतात. बालकाच्या आतड्यात ती रुजून अंगातील शक्ती हरवणारा गंभीर आजार होतो. अमेरिकेत १९७६ साली तो प्रथम ओळखला गेला. जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची आपली जुनी रीत प्रेमाची आहे, हे मला ठाऊक आहे; पण आता ती सोडली पाहिजे.

मधुमेही व्यक्तीच्या पायाची कोणतीही जखम घरी सांभाळू नये, मग ती दुखो वा न दुखो. मध नैसर्गिक आहे म्हणून साखर वाढवत नाही, हा भ्रम आहे.

डोळ्यात घरचा मध घालू नये. खोल किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेवर बरणीतला मध लावू नये. रुग्णालयांत वापरावयाचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. त्यामुळे जंतूंची बीजे मरतात आणि उष्णता न दिल्याने त्यातील विकर टिकते. अशा मधाच्या पट्टीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली मान्यता दिली.

शेवटची सूचना मधाच्या शुद्धतेची. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२० च्या डिसेंबरात १३ नाममुद्रांच्या मधाची तपासणी जाहीर केली; सर्व कसोट्यांना उतरल्या त्या केवळ तीन. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून शुद्धता ठरवण्याच्या घरगुती परीक्षा अशा भेसळीपुढे निरुपयोगी आहेत. ज्याचे पोळे आणि ज्याचे रान आपल्याला माहीत आहे, अशा मधपाळाकडून मध घेणे हाच त्यातल्या त्यात चांगला मार्ग. साताऱ्यातील महाबळेश्वरजवळच्या मांघर या गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. आपल्या खानापूरच्या रानालगतच्या तरुणांनीही पेट्यांतून मधमाश्या पाळण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. पोळे जाळून काढलेल्या मधात माशीचा वंश संपतो. पेटीतल्या मधात तो टिकतो.

मित्रहो, गुरुजींच्या कपाटातील ती बाटली पुढे कोणी नेली, ठाऊक नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आज मी त्यांच्यापुढे ठेवू शकतो. गुरुजी, त्या दिवशी माझ्या हाताची आग प्रथम आपल्या नळाच्या पाण्याने शमली. मग मधाने जखम ओलसर, आम्ल आणि जंतूंना नकोशी ठेवली, आणि भाजणे वरवरचे होते म्हणून ती सुखाने भरली. तो योगायोग नव्हता, आणि चमत्कारही नव्हता.

माउलीची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. मामा हयात असेतो त्यांच्या घरी जाऊन बसत असे. या दोघांचे ऋण अंशतः तरी फिटावे, म्हणून हे सारे आपल्यासमोर बोललो. गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून माझे दोन शब्द संपवतो.